बाभळीची साक्ष

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकत होती, तेव्हाची गोष्ट. तिथे कोणाला शिकायला ठेवायचं तर बाभळीच्या साक्षीने शब्द द्यावा लागे: रोज दाणे देईन, कसब लपवणार नाही.

तसा शब्द देऊन भागाआजी या म्हाताऱ्या सुगरणीने लहानग्या पिवळीला विणकाम शिकायला ठेवलं. दाणे दिले, पण फांदीला मारायची पहिली गाठ ती पाठ फिरवून मारी. वारा सुटला आणि गाठ पक्की नसल्याने पिवळीचं घरटं विहिरीत पडलं.

"हिच्या चोचीत कसबच नाही," आजी म्हणाली.

"शब्द तू दिला होतास," बाभळ म्हणाली. "गाठ तू लपवलीस, म्हणून पडलं ते घरटं तुझंच."

आजी हळूच म्हणाली, "ही सगळं शिकली तर माझ्याकडे कोण येईल?"

"माझं घरटं टिकलं, तर कोणाकडे शिकलीस म्हणून सगळे विचारतील की, आजी," पिवळी म्हणाली.

आजी जवळ सरकली आणि पिवळीकडे तोंड करून पहिली गाठ मारू लागली.