तळ्यावरची नोटीस

फार जुन्या काळी एका तळ्यावर दर हिवाळ्यात चक्रवाक उतरायचे. एका वर्षी आले, तर तळ्यात भराव पडत होता. काठच्या बाभळीवर कोल्ह्याच्या कचेरीची नोटीस होती: ‘तळे बुजवणार. हरकती वैशाखात मागवल्या होत्या. एकही आली नाही.’

“वैशाखात आम्ही इथं नसतो, हे त्या कोल्ह्याला पक्कं ठाऊक होतं!” तरणी चक्रवाकी भडकली. “कासवआजोबा, तुम्ही तर इथंच होता. नोटीस वाचली नाहीत?”

“वाचली की. अक्षर काय सुरेख होतं!”

“मग हरकत का नाही घेतलीत?”

“कचेरीच्या तोंडी कशाला लागायचं, पोरी? आणि माझं घर माझ्या पाठीवर. मला काय फरक पडतो?”

महिन्याभरात तळ्याचा चिखल झाला. चक्रवाक निघाले, तेव्हा कासवानं मान बाहेर काढली. “पोरी, पाणी कुठं गेलं गं?”

“नोटीस वाचा, आजोबा,” ती वरून ओरडली. “अक्षर सुरेख आहे.”