वळणाचं कारण

समुद्रातल्या नऊ तेलविहिरींचं तेल किनाऱ्यावर आणणारी पाइपलाइन कुठून न्यावी, याचं गणित हेमांगी तळवलकरांनी मांडलं. कॉम्प्युटरने हजारो मार्ग तपासून सगळ्यांत सोयीचा एक काढला. पण संचालक रेगेसाहेब अडून बसले. पाइपलाइन चार नंबरच्या प्लॅटफॉर्मवरूनच गेली पाहिजे, कारण त्याचं उद्घाटन त्यांच्या हातचं!

पाच वेळा समजावून हेमांगीताईंचा घसा बसला. सहाव्यांदा त्यांनी मुकाट्याने अकरा किलोमीटरचा वळसा काढून दिला.

संचालक मंडळाच्या बैठकीआधी साहेबांनी नकाशा उघडला. नियमाप्रमाणे प्रत्येक वळणाशी अडथळ्याचं नाव होतं: खडक, चिखल, बुडालेलं जहाज. नव्या वळणाशी लिहिलं होतं, ‘रेगेसाहेब’.

“हा काय चावटपणा आहे?” साहेब कडाडले.

“चावटपणा कसला, साहेब?” हेमांगीताई थकल्या आवाजात म्हणाल्या. “तिथे तळ अगदी सपाट आहे. खडक नाही, चिखल नाही. मग लाइन ज्यांच्यामुळे वळली, त्यांचंच नाव लिहिलं.”

साहेबांनी नकाशाची घडी घातली. “लाइन सरळ करा,” ते शेवटी पुटपुटले.

हेमांगीताईंनी खणातून पहिलाच नकाशा काढला, त्यावरची धूळ झटकली आणि साहेबांपुढे सरकवला.