गोदाक्काची तान

मांजरी अजून शाकाहारी होत्या, त्या काळची गोष्ट. गोदाक्का घुशीला गाण्याचं भारी वेड. पण तिचं बीळ चिंध्या, करवंट्या आणि डबड्यांनी इतकं खच्चून भरलेलं, की घेतलेली तान चिंध्यांतच जिरायची. "अजून थोडं सामान आणलं की सूर लागेल," असं म्हणत ती आणखी भर घाली.

एकदा तान घेताना तिची छाती फुगली आणि ती सामानातच अडकली. "मेले गं बाई!"

शेजारचा बेडूक बाळंभट धावत आला. तो एकेक वस्तू बाहेर भिरकावू लागला. डबडं दगडावर 'ठण्' वाजलं, करवंट्या 'टकटक' गडगडल्या. रडता रडता अक्का तालावर डोलू लागली. बीळ रिकामं झालं, तसं तिचं रडणं गोड घुमलं.

"सुटलात ना अक्का? मग आता गप्प बसा!"

"गप्प कशी बसू? आत्ता कुठे घर साथ द्यायला लागलंय!"