दर्भाचा कावळा

“म्हणजे इंग्रजांचं सगळंच एका शब्दात भागतं?” महाराजांनी विचारलं.

“सगळंच. लूझ!” रिसबूड म्हणाले. “किल्ली हरवली, लूझ. निवडणूक हरली, लूझ. डोळ्यांना मुकला, लूझ. बायको गेली... तरी लूझच.”

“आणि आपण?”

“आपण प्रत्येकाला वेगळं क्रियापद ठेवलंय. हरवणं, हरणं, मुकणं, गमावणं.”

“नुकसानीच्या बाबतीत तरी श्रीमंत आहोत म्हणायचं,” महाराज म्हणाले.

मुकुंदराव रिसबूड हे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. इंग्रजी-मराठी शब्दकोश करण्यात त्यांचं म्हातारपण चाललं होतं. नदीकाठच्या या मठीत ते वर्षानुवर्षं महाराजांकडे उपनिषदं शिकायला येत, आणि बहुतेक वेळा महाराजांनाच चार गोष्टी शिकवून जात. माणूस विद्वान खरा, पण नमस्कारही व्युत्पत्तीसकट करणारा.

चैत्रात त्यांची पत्नी इंदू वारली. त्यानंतर ते आज पहिल्यांदाच आले होते, आणि टेकल्या टेकल्या हा शब्द काढून बसले होते. एखादा रडतो, एखादा गप्प होतो. रिसबूड अर्थ सांगू लागले होते.

“मूळ काय या शब्दाचं?”

रिसबूड खुलले. “फार जुना शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता नाश पावणं. किल्ली-बिल्ली हरवणं नंतर आलं. त्याच्याही मागं गेलं की धातू सापडतो तो कापण्याचा. सैल करणं, तोडणं, कापून वेगळं करणं. गंमत म्हणजे आपलं संस्कृतातलं लवित्र त्याच कुळातलं.”

“लवित्र म्हणजे विळा.”

“विळाच.”

समोर नदीवर दुपारचं ऊन पसरलं होतं. रिसबूडांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“महाराज... एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“दर्भाचा कावळा चालतो ना?”

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं लोक धरतात. मग घरचे हात जोडून एकेक वचन देतात. नेमकं वचन मिळालं की कावळा उतरतो म्हणे. नाहीच उतरला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी उरकतात.

“शास्त्राला चालतो,” महाराज म्हणाले. “तुला चाललेला दिसत नाही.”

“माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही.”

“मग विचारतोस कशाला?”

रिसबूड चष्म्याची काडी चाचपू लागले.

“वचनं काय दिलीस इंदूला?”

“तुळशीला पाणी घालीन म्हणालो. गोळ्या वेळेवर घेईन. शब्दकोश पुरा करीन.”

“तिचा जीव शब्दकोशात अडकला होता?”

रिसबूड ओशाळले.

“कावळे होते ना घाटावर?”

“होते की. झाडावर बसून बघत होते. एक खाली येईना. लोकांची कुजबुज सुरू झाली. शेवटी मेहुणा कानाशी येऊन म्हणाला, भाऊजी, आता तिचं नाव घ्या.”

“कुणाचं?”

“मुलीचं.”

“मग?”

“नाही घेतलं.”

“आली होती ती?”

“वरच्या पायरीवर उभी होती, एकटीच. मी बोलावलं नाही, ती उतरली नाही... तिला तर मी केव्हाच गमावलं, महाराज.”

“वारली का?”

“छे, छे!”

“मग पत्ता लागत नाही?”

“लागतो. पुढच्याच तालुक्याला असते. शाळेत शिकवते.”

“कुणी पळवली?”

“तिनं मनानं लग्न केलं. जातीबाहेर.” रिसबूड खाली बघत म्हणाले, “मी तिच्या नावानं आंघोळ केली.”

जिवंत माणूस मेलं असं धरायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि त्याच्याशी नातं संपवायचं, अशी ही आपल्याकडची आंघोळ. करणाऱ्याला ती मोठी बाणेदार वाटते.

“इंदूनं केली?”

“तिला त्या दिवशी पडसं झालं होतं.” रिसबूड म्हणाले. “ते पडसं शेवटपर्यंत गेलं नाही. मी तो विषय काढला की ती शिंकायची.”

महाराजांना हसू आलं. रिसबूडही हसायला गेले, पण ते हसू त्यांना जमलं नाही.

“प्रोफेसर,” महाराज हळूच म्हणाले, “विळा कुणाच्या हातात होता?”

...

रिसबूड नदीकडं बघत बोलू लागले.

“चुकलं माझं. निदान त्या दिवशी तरी... नुसतं नाव घ्यायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण सगळा गाव जमलेला, आणि मी आंघोळ केलेला माणूस. आता माघार घेतली असती तर...”

“तर काय झालं असतं?”

“हरलो असतो.”

महाराजांनी मान हलवली.

“नाव काय तिचं?”

नाव महाराजांना पक्कं ठाऊक होतं. लहानपणी ती याच ओसरीवर परकर सावरत खेळली होती.

“वैजयंती,” रिसबूड हजेरी घेतल्यासारखं म्हणाले.

“घरात काय म्हणायचास?”

“...वैजू.”

महाराजांनी कानामागं हात धरला. “काय?”

“वैजू.”

“मोठ्यानं.”

“वैजू!”

आवाज चिरकला. छपरावरचे पारवे फडफडत उडाले. रिसबूडांनी चष्मा जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून ते लहान मुलासारखे रडू लागले. आता त्यांना कुठलाच अर्थ सांगायचा नव्हता.

महाराजांचा हात अजून कानामागंच होता.

“ऐकू येत नाही रे,” ते म्हणाले. “जवळ जाऊन म्हण.”

रिसबूड डोळे पुसत उठले, आणि महाराजांच्या कानाशी वाकले.

महाराजांनी तोंड फिरवलं.

“माझ्याजवळ नव्हे.”