हैबतराजाची तीन पागोटी

पांघरुणं ओढा बरं अंगावर, आणि एकमेकांना लाथा मारू नका. हं. एक होता राजा, नाव हैबतराजा. त्याच्या गावाला होतं मोठं तळं, तळ्याला मातीचा बांध, आणि बांधाखाली कुंभारवाडा. बांध फुटला की कुंभारवाडा वाहून गेलाच म्हणून समजा!

त्या गावची एक रीत होती, बरं का. बांधाला भोक पडलं की राजानं धावत जायचं, डोक्यावरचं पागोटं काढायचं आणि भोकात कोंबायचं. मग पाणी थांबायचं. ढोल वाजायचे, लोक "हैबतराजाचा विजय असो!" म्हणून ओरडायचे. राजाला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, भोक पडायची वाटच बघायचा मेला!

एका पावसाळ्यात भोक पडलं, मुठीएवढं. राजानं हिरवं पागोटं कोंबलं. पाणी थांबलं.

मग दुसऱ्या वर्षी त्याच जागी पडलं, घागरीएवढं. राजानं लाल पागोटं कोंबलं. सगुणा कुंभारीण तेवढी म्हणाली, "महाराज, भोक वाढत चाललंय हो. माझी लेकरं खालीच निजतात."

"मी आहे ना, सगुणाबाई!" राजा म्हणाला आणि हत्तीवरून मिरवत गेला.

मग तिसऱ्या वर्षी पडलं रांजणाएवढं! पाणी धो धो वाहायला लागलं. राजानं राज्याभिषेकाचं जरीचं पागोटं काढलं. कोंबणार, तोच आतून आवाज आला, "आण रे बाबा लवकर! पहिल्यात माझी लेकरं निजली, दुसऱ्यात नातवंडं. आता व्याही यायचेत!"

राजानं वाकून बघितलं. आत परातीएवढी म्हातारी खेकडीण!

"भोकं तू पाडतेस होय?"

"मातीत बिळं नाही करायची तर कुठं करायची? त्यात तू मऊ बिछाने घालतोस. मुलुखातले सगळे खेकडे इथंच येतात."

राजा असा खजील झाला म्हणता! "मग पाणी कायमचं थांबायचं कसं?"

"तळं रिकामं कर. बांधाला दगड लाव. आम्हाला ओढ्याकाठचा चिखल दे. पण वर्षभर तळं कोरडं राहील, लोक शिव्या घालतील. बघ बाबा, जमतंय का."

पाणी काही आपोआप थांबणार नव्हतं, म्हणून राजानं जरीचं पागोटं कोंबलं. लोक ओरडणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला. "ओरडू नका. हे आजच्यापुरतंच आहे."

मग पाऊस सरल्यावर त्यानं तळं उपसलं. खेकडीण पुढं, खेकडे मागं, अशी वरात ओढ्याकडं निघाली. राजा स्वतः दगड वाहायला लागला. लोकांना दोन कोसांवरून पाणी आणावं लागलं. "भरलं तळं उपसणारा कसला हा राजा!" म्हणायचे. ढोलवालासुद्धा तोंड फिरवून जायचा. राजाला रडू यायचं हो. एकदा वाटलं, सोडावं सगळं. मग त्याला सगुणेची लेकरं आठवली आणि त्यानं पुढचा दगड उचलला.

मग पाऊस आला. तळं काठोकाठ भरलं. राजा तीन दिवस बांधावर बसून राहिला. एक थेंब झिरपला नाही! ढोल नाही, धावपळ नाही. खाली कुंभारवाड्यात आपली मडकी घडत होती.

अशी खूप वर्षं गेली. राजा म्हातारा झाला. एकदा कुंभारवाड्यातून जाताना त्याला सगुणेच्या चिमुरड्या नातीनं विचारलं, "महाराज, बांध फुटतो म्हणजे काय होतं हो?"

 राजा असा हसला, असा हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. त्याला एवढा आनंद उभ्या जन्मात झाला नव्हता.

तर कुंभार बांधाखाली निर्धास्त राहिले, खेकडे ओढ्याकाठी सुखात राहिले. आता तुम्हीही गुमान डोळे मिटा बरं.