जाई रडते, टिपूस नाही

एक होता ठिपकू. केवढासा? एवढुसा. नाही नाही, तुझ्या बोटाएवढा नाही. मोहरीएवढाही नाही. त्याहून लहान, त्याहूनही लहान. डोळे ताणून बघितलं तरी दिसायचा नाही.

ठिपकू पांढरा. ठिपकू मऊ. कधी गोल, कधी लांबुळका. तो राहायचा जाईच्या रक्तात. तिथला शिपाईच तो. बाहेरचा जंतू आत शिरला की ठिपकू त्याला धरायचा आणि गिळायचा. गट्टम.

आणि जाई कोण? दोन वर्षांची पोर. हात न धुता खाणारी. हसायला काय झालं? मी तुझं नाव घेतलं का?

एकदा जाईला अंगणात पडलेला पेरू सापडला. तिने तो उचलला. कचकन चावला. पेरूवर होता जंतू. पेरू गेला पोटात, जंतूही गेला पोटात. मग काय विचारता. पोटात गुडगुड, गुडगुड. शी झाली पातळ. पुन्हा झाली, परत झाली. जाईच्या अंगातलं पाणी चाललं सुळ्‌ सुळ्‌ सुळ्‌.

जाईला बरं वाटेना. जाई रडली. पण डोळ्यात टिपूस नाही. एकसुद्धा नाही.

ठिपकूने ते पाहिलं. "रडू आहे आणि टिपूस नाही? हे कसं काय?" त्याला चैन पडेना. तो निघाला शोधायला. लुटुलुटु, लुटुलुटु.

गेला डोळ्याकडे.

"डोळ्या डोळ्या, टिपूस दे.
जाई रडते, टिपूस नाही."

डोळा म्हणाला, "मी नाही देत. शूभाऊ पाणी सोडतील, तर मी देईन."

शूभाऊ माहीत नाहीत? पाठीच्या आत दोघे भाऊ बसलेले असतात. एक इकडे, एक तिकडे. दिसतात घेवड्याच्या दाण्यासारखे. मोठी माणसं त्यांना मूत्रपिंडं म्हणतात. शू तेच करतात. हो, तुझीसुद्धा.

ठिपकू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"शूभाऊ शूभाऊ, पाणी सोडा.
डोळा टिपूस देत नाही.
जाई रडते, टिपूस नाही."

दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "आम्ही नाही सोडत. थेंब न्‌ थेंब धरून ठेवलाय. रक्त पातळ होईल, तर आम्ही सोडू."

ठिपकू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

रक्त झालं होतं दाट. काकवीसारखं दाट. एरवी कसं झुळझुळ पळायचं, आज आपलं रखडत चाललं होतं.

"रक्ता रक्ता, पातळ हो.
शूभाऊ पाणी सोडत नाहीत.
डोळा टिपूस देत नाही.
जाई रडते, टिपूस नाही."

रक्त म्हणालं, "मी नाही होत. आतडं पाणी देईल, तर मी होईन."

ठिपकू निघाला. लुटू... लुटू... लुटू. दाट रक्तातून चालवतंय कुणाला? दमला बिचारा. पण गेला.

आतडं लांबच लांब. पोटात वेटोळं घालून बसलेलं.

"आतड्या आतड्या, पाणी दे.
रक्त पातळ होत नाही.
शूभाऊ पाणी सोडत नाहीत.
डोळा टिपूस देत नाही.
जाई रडते, टिपूस नाही."

आतडं म्हणालं, "मी नाही देत. मीठ-साखरेचं पाणी जीभ धाडेल, तर मी देईन."

"मीठ-साखरेचं का बरं? साधं का नाही?"

"साधं पाणी आज माझ्या हातून निसटतं रे. मीठ आणि साखर जोडीने आली की माझं एक दार उघडतं. एकट्या मिठाला उघडत नाही. एकट्या साखरेला उघडत नाही. दोघं आत शिरतात, पाणी त्यांच्या मागोमाग येतं."

"अस्सं होय," ठिपकू म्हणाला. त्याला हे नवीनच होतं. मलाही नव्हतं माहीत.

ठिपकू निघाला. वर, वर, वर. जीभ पडली होती पापडासारखी कोरडी.

"जिभे जिभे, पाणी धाड.
आतडं पाणी देत नाही.
रक्त पातळ होत नाही.
शूभाऊ पाणी सोडत नाहीत.
डोळा टिपूस देत नाही.
जाई रडते, टिपूस नाही."

जीभ म्हणाली, "मी नाही धाडत. आत्या पाजेल, तर मी धाडीन."

आत्या म्हणजे जाईच्या बाबांची बहीण. बाबा गेले कामावर, आई गेली कामावर. जाईजवळ आत्या होती. डॉक्टरांनी मीठ-साखरेची पुडी दिली होती. जलसंजीवनी म्हणतात ना, तीच. पण आत्याने ती ठेवली होती फळीवर. वर, उंच.

ठिपकू जिभेच्या टोकावर उभा राहिला. ओरडला.

"आत्या आत्या, पाणी पाज.
जीभ पाणी धाडत नाही.
आतडं पाणी देत नाही.
रक्त पातळ होत नाही.
शूभाऊ पाणी सोडत नाहीत.
डोळा टिपूस देत नाही.
जाई रडते, टिपूस नाही."

आत्याला ऐकू गेलं थोडंच? एवढुशा ठिपकूचा एवढुसा आवाज. मग जाईच बोलली, "आत्या, पाणी."

आत्या म्हणाली, "नको गं माझे बाई. पाणी प्यायलं की जुलाब वाढतात. मी नाही पाजत. शी थांबेल, तर मी पाजीन."

आत्या वाईट नव्हती हं. तिच्या लहानपणी घरात असंच करायचे. पोट बिघडलं की पाणी बंद. जाईवर तिचा फार जीव होता, म्हणून तर देत नव्हती.

ठिपकू बसला विचार करत. शी कधी थांबेल? जंतू धरला की थांबेल. जंतू कोण धरणार? ठिपकूच की. आणि ठिपकूला तर त्या दाट रक्तात धड चालताही येईना.

"जंतू काही धरवत नाही.
शी काही थांबत नाही.
आत्या पाणी पाजत नाही.
जीभ पाणी धाडत नाही.
आतडं पाणी देत नाही.
रक्त पातळ होत नाही.
शूभाऊ पाणी सोडत नाहीत.
डोळा टिपूस देत नाही.
जाई रडते, टिपूस नाही."

झाली की नाही पंचाईत? सगळे थांबलेत. जो तो दुसऱ्यासाठी थांबलाय. आता आधी कुणी हलायचं?

ठिपकू इकडे बघतो, तिकडे बघतो. बघतो तर शेजारीच गळा.

"गळ्या गळ्या, जोरात रड."

गळा म्हणाला, "एवढंच ना? हा घे." त्याने काही म्हणजे काही मागितलं नाही.

भ्यॅंऽऽऽ.

आत्या आली धावत. तिने जाईला मांडीवर घेतलं. पदराने गाल पुसला. आत्याने पदर बघितला. पदर कोरडा. दुसरा गाल पुसला. पदर कोरडाच.

"एवढी रडते, आणि डोळ्यात टिपूस नाही?"

आत्याने जाईला उराशी धरलं. "अगं बाई, पोर सुकली माझी. आणि मी पाणी अडवून बसले."

आत्या उठली. फळीवरची पुडी काढली. उकळून गार केलेलं पाणी घेतलं, पुडीवर लिहिलंय तेवढंच, मापून. अख्खी पुडी त्यात घातली. ढवळली खळखळ, खळखळ. वाटी घेतली, चमचा घेतला.

एक चमचा. ओऽऽक. सगळं बाहेर.

आत्या घाबरली. पण हात काही आखडला नाही. जरा वेळ थांबली. मग पुन्हा एक चमचा. हळूच. मग आणखी एक. चुळुक, चुळुक, चुळुक.

आत्याने पाणी पाजलं.
जिभेने पाणी धाडलं.
मीठ आलं, साखर आली, जोडीने आली. आतड्याने दार उघडलं. आतड्याने पाणी दिलं.
रक्त पातळ झालं. झुळझुळ, झुळझुळ.

आणि ठिपकू? डुबुक. मारली की उडी. त्याचे पांढरे भाऊ आले, बहिणी आल्या. सगळे पोहत पोहत निघाले जंतूकडे. एक धरला, गट्टम. दुसरा धरला, गट्टम. एका दमात नाही हं झालं. आज धरले, उद्या धरले. रोज शी कमी, रोज शी कमी. मग थांबली.

शूभाऊंनी तर त्याच दिवशी पाणी सोडलं. सुर्रर्र. कुठे? आत्याच्या मांडीवर. लुगडं चिंब. कुणी रागावलं असतं. आत्या काय म्हणाली माहीत आहे? "झाली बाई शू. बरं वाटलं मला."

राहिला कोण? डोळा.

वाटीतलं पाणी संपलं. जाईला हवं होतं आणखी. आत्या म्हणाली, "थांब, आणते." जाईला कुठला धीर? जाई रडली.

टप.

एक टिपूस. गालावरून घरंगळलं, हनुवटीवर आलं.

ठिपकू आतून बघत होता. "आलं," तो म्हणाला. "आलं, आलं." आणि झोपला. केवढा दमला होता.

आत्याने पदर पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. गाल पुसलाच नाही.

जाई रडते, टिपूस आहे.

"रड गं माझे बाई," आत्या म्हणाली, "खुशाल रड." आणि भरलेली वाटी आणायला गेली.