माडावरची आत्या

समुद्राकाठी, हिरव्यागार माडांच्या सावलीत एक इवलंसं घर होतं. तिथे सुरंगी आणि तिची धाकटी बहीण बकुळ राहायच्या. आईबाप देवाघरी गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी पाठ फिरवली. पुढे आली ती एकटी तुळसाआत्या. पण ही आत्या म्हणजे जगावेगळीच! धोतराचा काचा मारायची, कमरेला कोयता अडकवायची आणि सरसर माडावर चढून नारळ पाडायची. गाव फिदीफिदी हसायचं आणि सुरंगीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी बागेत, कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमलं. बोटाएवढी परी! अबोली रंगाचा झगा, मोरपिशी पंख. सुरंगीने हलक्या हाताने तिला सोडवलं.

"गुणाची गं माझी पोर!" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण फक्त आपल्या माणसासाठी हं!"

काय मागावं बरं? सुरंगी विचार करत होती, तोच कुंपणापाशी मैत्रिणी आल्या. माडावर चढलेल्या आत्याकडे बोट दाखवून एकीने खिदळत विचारलं, "ती धोतरवाली कोण गो तुझी?"

सुरंगीचे कान तापले. "कुणी नाही," ती पुटपुटली.

आणि वर आत्याचा हात सुटला. धप्प! आत्या खाली पडली, डोळेच उघडेना. बकुळने हंबरडा फोडला.

"परीताई, माझ्या आत्याला बरं कर!" सुरंगी ओरडली.

परीचे पंख एकदम मिणमिणे झाले. "कुणासाठी मागतेस, बाळा? आत्ताच तर म्हणालीस, कुणी नाही."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं सुरंगीला झालं. मैत्रिणी टकमक बघत होत्या. शरमेने तिची मान वर होईना. तरी ती उठली आणि सगळ्यांसमोर रडत रडत ओरडली, "ही माझी आत्या आहे! हिनेच आम्हांला पोटाशी धरलं. मी खोटं बोलले!"

लख्ख! सोनेरी, निळ्या, गुलाबी उजेडाने बाग न्हाऊन निघाली आणि त्या उजेडातच परी विरून गेली. आत्या डोळे चोळत उठून बसली.

"आत्या, मघाशी मी..."

"ठाऊक आहे गो बाय. माडावर सगळं ऐकू येतं."

सुरंगीने तिच्या कुशीत तोंड लपवलं. आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत हसली. "पण आत्ताचं जास्त मोठ्याने ऐकू आलं हो!"

तेव्हापासून कुणी विचारलं, "कुणाची गो तू?" की सुरंगी मान वर करून माडाच्या शेंड्याकडे बोट दाखवते.